तुझ्या गळ्याच्या मापाचं

बयो,

तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. फोनच करणार होते, पण फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतेस आणि मनातलं मनातच ठेवतेस. म्हणून लिहिते. सावकाश वाच, लोकलमध्ये लटकत नको.

तुझ्या त्या संगीतकार मित्राने खास तुझ्यासाठी काहीतरी लिहून आणलंय. त्यात सूर ओळखीच्या जागी पडत नाहीत. एका पानावर नुसत्या रेघा नि ठिपके आहेत, मध्येच कुजबुजायचंय, मध्येच श्वास ऐकू जाईल असा घ्यायचाय, आणि शेवटी एकदम वरचा बी. तुझ्या गाण्याच्या बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. आत्या म्हणाली, आजवर किंचाळत होतीस, आता कुजबुजणार. आणि तुला वाटतंय की आधी मोझार्ट नि पुच्चिनी गाऊन नाव कमवावं, हे असलं मग कधीतरी. शेवटी हळूच एक ओळ टाकली आहेस, लंडनला गेल्याशिवाय यात काही होतं का गं म्हणून. ती ओळच मला सगळ्यात जास्त लागली.

तर माझं उत्तर आधीच सांगते. गा. मोझार्ट सोडू नकोस, पण हे गा, आणि आत्ताच गा.

पॅट्रिशिया रोझारिओचं नाव तुला माहीत आहे, पण तिची वाट तू नीट बघितलेली नाहीस. ती १९६० मध्ये मुंबईतच जन्मली, घराणं मूळचं गोव्याचं. इथून लंडनच्या गिल्डहॉल स्कूलमध्ये गेली आणि तिथलं सुवर्णपदक मिळवलं. मग तुझ्यासारख्या वरच्या आवाजाच्या सोप्रानोने जे जे गायचं असतं ते सगळं गायली. ट्रेव्हर पिनॉकच्या वाद्यवृंदाबरोबर हायडनचं 'स्टाबाट माटर' गायली, ब्रिटनच्या ऑपेऱ्यांत गायली. म्हणजे पाया अगदी चोख. तरीही आज तिचं नाव निघालं की जाणकारांच्या तोंडी पाठोपाठ दुसरं नाव येतं, ते जॉन टॅव्हनर या इंग्रज संगीतकाराचं. या माणसाने तिचा आवाज मनात धरून तीसहून अधिक रचना केल्या. तीस, बयो! आपल्याकडे एखाद्या गायिकेसाठी कुणी एक चाल खास बांधली तरी आपण वर्षानुवर्षं सांगत बसतो.

१९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ऑल्डबरा महोत्सवात टॅव्हनरचा 'मेरी ऑफ इजिप्ट' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला, तेव्हा मेरी तिनेच गायली. २००० मध्ये लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्याची 'फॉल अँड रेझरेक्शन' ही मोठी रचना झाली, त्यात ती होती. २००३ मध्ये टेंपल चर्चमध्ये 'द व्हेल ऑफ द टेंपल' झालं. ते रात्रभर चालतं, जवळजवळ सात तास. त्यातले शब्द अनेक भाषांमधले आहेत आणि त्यात संस्कृतही आहे. त्यातही सोप्रानो तीच. एस्टोनियाच्या आर्वो पेर्तनेही तिच्यासाठी लिहिलं. असे पंधराहून अधिक संगीतकार आहेत.

टॅव्हनरला तिच्या आवाजाकडे इतक्या वेळा का वळावंसं वाटलं असेल, याचा मी बराच विचार केलाय. तो १९७७ मध्ये ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात गेला. त्या पंथाच्या जुन्या गायनात खाली एकच सूर सतत धरून ठेवतात आणि त्यावर गाणारा संथपणे फिरत राहतो. तानपुरा लावून बसलेल्या आपल्या माणसाला हे परकं वाटेल का? पुढे १९९७ मध्ये तर त्याने 'सामवेद' नावाची रचना केली आणि ती लिहिली सोप्रानो, बासरी आणि तानपुऱ्यासाठी. सोप्रानोसाठी तो जे लिहायचा ते वर असतं, लांब असतं, आणि पुष्कळदा अगदी हळू असतं. यातलं 'हळू' तू अधोरेखित कर. वरचा सूर जोरात लावणं दमदार गळ्याला जमतं. तोच सूर धाग्यासारखा बारीक, न थरथरता, लांबच लांब धरायचा तर दमसास लागतो, आणि मन जागच्या जागी लागतं. ती ताकद त्याला तिच्यात ऐकू आली. एकदा ऐकू आल्यावर पुढचं पान लिहिताना तोच आवाज कानात वाजणार, हे उघड आहे.

म्हणजे ऑपेरा जमला नाही म्हणून ती 'आधुनिक' संगीताकडे गेली असं झालेलं नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं, आणि नव्या संगीताने तिला जी जागा दिली ती दुसऱ्या कुणाला देता आली नसती, कारण ती जागाच तिच्या गळ्यावरून बेतलेली होती. पुच्चिनीची मिमी आजवर किती जणींनी गायली असेल! त्यातल्या बऱ्याच जणी अप्रतिम गायल्या. तू कितीही चांगली गायलीस तरी ऐकणारा तुला त्यांच्या शेजारी उभं करून बघणारच. तुझ्या मित्राचं गाणं मात्र पहिल्यांदा ज्या गळ्यातून येईल तो तुझा असेल. दादरच्या दुकानातला तयार ब्लाउज आणि टेलरकडे माप देऊन शिवलेला ब्लाउज, यातला फरक तुला मी वेगळा सांगायला नको. तयार ब्लाउज वाईट नसतोच, पण खांद्यावर कुठेतरी आपल्यालाच त्याच्यासारखं व्हावं लागतं.

आणि गायिकेने मागितलं म्हणून संगीत जन्माला आलं, असं काही थोड्या वेळा घडलेलं नाही. १९१२ मध्ये बर्लिनला शोनबर्गचं 'पिएरो लुनेर' झालं. त्यात गाणं आणि बोलणं यांच्या मधलाच काहीतरी आवाज लावायचा असतो. विसाव्या शतकातलं सगळं गायन ज्याच्याकडे वळून बघतं असं ते काम. ते मागून घेतलं आल्बर्टीन त्सेमे या अभिनेत्रीने. तिनेच ते पहिल्यांदा सादर केलं. कॅथी बर्बेरियन घे. जॉन केजने १९५८ मध्ये 'आरिया' तिच्यासाठी लिहिली. त्यात स्वरलिपीच नाही, रंगीत वळणदार रेघा आहेत, आणि एकेका रंगाला कसला आवाज लावायचा ते गाणारीने ठरवायचं. तुझ्या त्या रेघा-ठिपक्यांच्या पानाला घाबरलीस ना, त्या पानाची पणजी ही! जेन मॅनिंग या इंग्रज सोप्रानोने साडेतीनशेहून अधिक रचनांचे पहिले प्रयोग केले आणि पुढच्या गायिकांना उपयोगी पडावं म्हणून अशा रचनांवर पुस्तकं लिहिली. आजच्या काळातली कॅनडाची बार्बरा हॅनिगन बघ. हान्स अब्राहमसेन या डेन्मार्कच्या संगीतकाराने तोवर आवाजासाठी फारसं लिहिलंच नव्हतं. तिच्यासाठी त्याने 'लेट मी टेल यू' लिहिलं, २०१३ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर ते झालं आणि जगभर गाजलं. तुझा मित्र "मी गाण्यासाठी कधी लिहिलं नाहीये" म्हणून लाजतोय ना? त्याला हे सांग.

आपल्याच शहराचं उदाहरण हवं असेल तर वनराज भाटियांचं घे. 'तमस', 'भारत एक खोज' हे त्यांचं काम लोकांना आठवतं. पण लंडनच्या रॉयल अकॅडमीत आणि पॅरिसला नादिया बूलांजेकडे शिकून आलेला तो माणूस मुंबईत बसून आयुष्यभर पाश्चात्त्य पद्धतीच्या रचनाही करत होता. गिरीश कार्नाडांच्या नाटकावर त्यांनी 'अग्निवर्षा' हा ऑपेरा लिहिला, आणि त्यामागेही ज्युडिथ केलॉक या अमेरिकन सोप्रानोची मागणी होती. त्याचा काही भाग न्यूयॉर्कमध्ये सादर झाला. २०२१ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. मला राहून राहून वाटतं, आपल्या मुंबईच्या दोन-तीन मुली तेव्हा त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या असत्या, "सर, आमच्या आवाजासाठी काही लिहा" म्हणाल्या असत्या, तर त्यांनी काय काय लिहून ठेवलं असतं! तुझ्या दारात आज एक मुलगा स्वतःहून कागद घेऊन उभा आहे.

आता त्या कागदाबद्दल. तू फोटो पाठवलास तो मी मोठा करून बघितला. मुलात गुण आहे. पण शेवटच्या ओळीत त्याने वरच्या बीवर 'नदी' हा शब्द ठेवलाय, आणि 'दी' सहा ठोके धरायला सांगितलाय. तिथेच तुझा गळा आवळला जातोय, आणि तू समजतेस की दोष तुझा. दोष तुझा नाही गं. वरचा बी म्हणजे सेकंदाला जवळपास ९८८ कंपनं. 'ई' म्हणताना तोंडाच्या पोकळीचा पहिला अनुनाद असतो साधारण तीनशे-साडेतीनशेला. मोठ्या 'आ'चा असतो आठशे ते हजारच्या आसपास. म्हणजे सूरच 'ई'च्या अनुनादाच्या कितीतरी वर गेलेला असतो. तिथे तू कितीही प्रामाणिकपणे 'ई' म्हणालीस तरी ऐकणाऱ्याला 'ई' ऐकू येणार नाही, आणि तू ओठ ताणून तो ऐकवायला गेलीस तर सूर पातळ होणार नि गळा दुखणार. म्हणूनच सोप्रानो वर जाताना जबडा खाली सोडते, आणि म्हणूनच वरच्या टोकाला सगळे स्वर 'आ'सारखे ऐकू येतात. लोक म्हणतात, ऑपेरात शब्दच कळत नाहीत. वरच्या सुरांपुरतं तरी ते गाणारीच्या हातात नसतं.

तेव्हा मित्राला सांग, की बाबा, वर 'वारा' दे, 'आभाळ' दे, आणि 'नदी' खाली मधल्या सप्तकात आण, तिथे ती लखलखीत ऐकू येईल. 'आभाळ'मधला 'भा' धरायला सुंदर आहे, पण 'ळ' चटकन सोडायचा. 'ळ'ला जीभ मागे वळते आणि आवाजाची सगळी मोकळी जागा बुजते. 'घ', 'भ', 'ध' ही अक्षरं श्वास खातात, तेव्हा लांब ओळीच्या तोंडाशी ती एकापाठोपाठ आली तर शेवटी दम कमी पडणार. 'म', 'न', 'ण' मात्र घुमतात, त्यांच्यावर थांबायला मिळालं तर सोनं. आणि एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. इटालियन 'त' नि 'द' दातांवरच येतात, आपल्यासारखेच. इंग्रज मुलींना ते घोटून घ्यावे लागतात, तुला आईच्या दुधातून मिळालेत.

मराठी शब्द या आवाजात कसे बसवायचे, हे शास्त्र अजून कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. जर्मन कसं गायचं, रशियन कसं गायचं, यावर पुस्तकं आहेत. मराठीचं तुम्ही दोघांनी मिळून शोधायचंय. एक वही कर. कुठलं अक्षर कुठल्या सुरावर बसलं, कुठलं अडलं, ते तारीख टाकून लिहीत जा. हे काम लंडनला बसून कुणी करणार नाही, ते तुझ्या लालबागलाच होणार.

गळा खराब होईल का, हा तुझा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. होऊ शकतो, पण त्याला संगीत नवं असणं कारण नसतं, ते चुकीच्या रीतीने शिकणं असतं. नवं पान हातात आलं की तू पहिल्या मिनिटाला पूर्ण आवाजात सूर शोधायला लागतेस, आणि तीस वेळा तोच वरचा उतारा गातेस. असं करू नकोस. आधी नुसता ठेका. हाताने मात्रा मोजत शब्द बोल. मग सूर पियानोवर वाजवून मनात गा. मग एक सप्तक खाली, हलक्या आवाजात. वरचे सूर सगळ्यात शेवटी, आणि एका बैठकीत मोजकेच. तुझा सूर कुठून उचलायचा ते पेन्सिलने लिहून ठेव. चेलोने आत्ताच ई वाजवलाय, त्याच्यावरून अर्ध्या सुराने वर, अशा खुणा. पर्समध्ये ट्यूनिंग फोर्क ठेव. कुजबुज फार वेळ घटवत बसू नकोस. जोर लावून कुजबुजलं की गळा साध्या बोलण्यापेक्षाही जास्त कोरडा नि ताठ होतो. तालमीत ती जागा नुसती ओठांनी दाखव आणि आवाज प्रयोगासाठी राखून ठेव.

आणि रोज सकाळी एक कसोटी. 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ, वरच्या पट्टीत, अगदी हळू, झोपलेल्या बाळाजवळ गावी तशी. ही गळ्याच्या डॉक्टरांना ठाऊक असलेली चाचणी आहे. स्वरतंतूंना जराशी जरी सूज असली तरी वरचा हळू सूर उशिरा लागतो, किंवा आधी नुसती हवा येते. जोरात गाताना ती सूज लपते. सकाळी तसं झालं तर त्या दिवशी गाणं बंद, पाणी पी, कमी बोल. दोन-तीन आठवडे राहिलं तर कानाच्या-घशाच्या डॉक्टरकडे जाऊन दुर्बिणीने बघून घे, आल्याचा काढा पीत बसू नकोस. गणपतीत तर मी तुला बजावतेच. तुझ्या दारात ते दहा दिवस ढोल-ताशे नि स्पीकर असतात. त्या आवाजावर ओरडून बोलणं हे कुठल्याही आधुनिक रचनेपेक्षा गळ्याला जास्त महाग पडतं. आरतीला जा, टाळ वाजव, पण "मोरया" इतरांना म्हणू दे. बाप्पा रागावणार नाही.

बरं, तुझ्याकडे काय आहे याची तुला कल्पना नाही, म्हणून हेही सांगते. तुझ्या बाबांची भजनाची डबलबारी ऐकत तू मोठी झालीस. समोरच्या बुवाने टिपेचा सूर लावला की त्याच्या वर सूर लावायचा, तोही पखवाजावर, ही तालीम तुझ्या कानाला लहानपणीच झालीय. चर्चच्या क्वायरमध्ये तू नंतर गेलीस. तुझ्या मित्राने दोन सुरांच्या मधले सूर लिहिलेत, पाव सुराचे. पियानोवर शिकलेल्या मुलीला ते चुकलेले सूर वाटतात. तू ते मिंडेत ऐकलेत. कान तयार आहे तुझा, फक्त ते कागदावर ओळखायची सवय कर.

या दोन जगांची गाठ आपल्या मुंबईत नवी नाही. लुकासिन्हो रिबेरो हा गोव्याचा माणूस इथे आलेल्या एका इटालियन ऑपेरा कंपनीबरोबर होता. त्यातून त्याला सुचलं नि १८९२ च्या १७ एप्रिलला न्यू आल्फ्रेड थिएटरमध्ये त्याने कोकणीतला पहिला तियात्र, म्हणजे गाण्यांचं नाटक, केला. आणि गिरगावातलं आपलं रॉयल ऑपेरा हाऊस. १९११ मध्ये, बांधकाम पुरं व्हायच्या आधीच, पंचम जॉर्जने त्याचं उद्घाटन केलं. त्याच रंगमंचावर पुढे बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. मग तिथे सिनेमे लागायला लागले, १९९३ मध्ये ते बंद पडलं. आमच्या पिढीने ते कुलूपबंदच पाहिलं. चर्नी रोडला उतरून, हिरेवाल्यांच्या गर्दीतून जाताना मान वर करून बघायचं नि पुढे जायचं. आभा नारायण लांबा यांनी ते परत उभं केलं आणि २०१६ च्या ऑक्टोबरात त्याचे दरवाजे उघडले, तेव्हा गायला कोण उभी राहिली? पॅट्रिशिया रोझारिओ. तिथे माइक नसला तरी आवाज वरच्या गॅलरीपर्यंत जातो. बालगंधर्वांना आणि तुला, दोघांनाही लागते ती हीच जागा. तू एकदा रिकाम्या वेळी आत जाऊन नुसती टाळी वाजवून बघ.

लंडनचं म्हणशील तर, मिळालं तर जा, मी आडकाठी करणार नाही. पण लंडनला जाणं म्हणजेच गायिका होणं, हे डोक्यातून काढ. रोझारिओ बाई आणि त्यांचे पती, पियानोवादक मार्क ट्रूप, २००९ पासून 'गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया'च्या निमित्ताने इथे येऊन मुलामुलींना शिकवतायत. २०१७ मध्ये त्यांनी इथल्या गायकांना घेऊन त्याच ऑपेरा हाऊसमध्ये चिमारोझाचा 'इल मात्रिमोनियो सेग्रेतो' उभा केला. एनसीपीएमध्ये २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. त्याआधी, साठच्या दशकात, सीलिया लोबोंनी या शहरात ऑपेऱ्यांच्या नायिका गायल्या, तेव्हा तर यातलं काहीच नव्हतं. आणि समज, उद्या तू परदेशात ऑडिशनला उभी राहिलीस. तुझ्या आधीच्या मुलीने 'ओ मियो बाब्बिनो कारो' गायलेलं असणार, नंतरचीही तेच गाणार. तू तेही गा, नि मग म्हण, हे दुसरं माझ्यासाठी लिहिलेलं आहे, मराठीत आहे. परीक्षक मान वर करून बघतील की नाही?

पैशाचं मात्र स्पष्ट बोलते, कारण घरी तोच प्रश्न निघणार. नुसत्या नव्या संगीतावर मुंबईत घर चालत नाही. कुणाचंच चालत नाही. शिकवण्या, चर्चमधली लग्नं, स्टुडिओत कोरस, जाहिरातींची कामं, हे करावं लागतं, आणि त्यात कमीपणा नाही. फक्त आठवड्यातले दोन दिवस स्वतःच्या गाण्यासाठी मोकळे ठेव आणि कितीही चांगलं लग्न आलं तरी ते देऊ नकोस. मैत्रीतलं काम असलं तरी कागद कर. तालमी किती, त्यांचे पैसे किती, पहिला प्रयोग कधी, त्यानंतर काही काळ ते गाणं दुसरी कुणी गाणार की नाही, चित्रीकरण झालं तर ते कुणाचं. मी एका कार्यक्रमात गायले होते. त्याचं चित्रीकरण पुढे मला न विचारता दुसरीकडे वापरलं गेलं आणि माझ्याकडे दाखवायला एक चिठ्ठीही नव्हती. तुझ्याकडे असू दे. कायदा तुझ्या बाजूचा आहे. आपल्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्यालाही हक्क आहे, तो पन्नास वर्षं टिकतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो आणखी पक्का झालाय. तुझ्या परवानगीशिवाय तुझा प्रयोग ध्वनिमुद्रित करता येत नाही. गायकांच्या रॉयल्टीसाठी २०१३ मध्ये 'इस्रा' ही संस्था निघाली, आता तिला 'इसम्रा' म्हणतात. तिची माहिती काढून ठेव.

आणि आत्याचं मनावर घेऊ नकोस. तिने तुला जे गाताना ऐकलंय ते चाळीच्या दहा बाय दहाच्या खोलीत, भिंतीला तोंड करून. मोठ्या दालनात भरण्यासाठी घडवलेला आवाज तिथे किंचाळण्यासारखाच ऐकू येणार, तिचं काय चुकलं? गावाकडची गाणी तिला तोंडपाठ आहेत ना? मग मित्राला घेऊन एकदा तिच्यासमोर बस, जात्यावरच्या ओव्या म्हणायला लाव, आणि ती श्वास कुठे घेते, शब्द कुठे तोडते, ते दोघं टिपून घ्या. पुढची रचना त्यातून निघेल. आत्यालाही कळेल की तिच्या भाचीला काय हवंय.

या शनिवारी चारला दादरला माझ्याकडे या, दोघं. पियानो परवाच लावून घेतलाय. त्याला म्हणावं, छापील प्रत आणू नकोस, पेन्सिलची आण, आणि खोडरबर. येताना तू एका कागदावर लिहून आण: तुझा सगळ्यात खालचा सूर, सगळ्यात वरचा, हळू किती वर जातेस, एका श्वासात किती धरतेस, आणि आवाज मधून वर जाताना नेमका कुठल्या सुराला पलटतो. खरं लिही, परीक्षेच्या फॉर्मवर लिहितेस तसं नको. तो कागद त्याच्या हातात द्यायचा. मग 'नदी' कुठे ठेवायची ते तिघं बसून ठरवू. पहिल्या प्रयोगाची तारीखही त्याच दिवशी ठरवून टाकू, डिसेंबरातली. हवा तेव्हा जरा बरी असते आणि लोक घराबाहेर पडतात.

तुझी,
ताई